पाहुणा आणि साक्षीदार : ‘माझा रशियाचा प्रवास’च्या निमित्ताने

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची मराठीतील चर्चा बहुतांशी त्याच्या ललितत्वाभोवती घुटमळत राहिली. स्थळांची माहिती किती आणि लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार किती, या प्रमाणाच्या हिशेबात आपण इतके गुंतलो, की या प्रकाराच्या गाभ्याशी असलेला एक नैतिक प्रश्न बाजूलाच राहिला. प्रवासी हा कोणाचा तरी पाहुणा असतो आणि लिहू लागताच तो साक्षीदारही होतो. पाहुण्याने यजमानाचे उणे काढू नये, खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपला लोकव्यवहार सांगतो. साक्षीदाराने मात्र दिसले ते सांगावे आणि न दिसलेले दिसले म्हणून सांगू नये, अशी अपेक्षा असते. एरवी ही दोन कर्तव्ये एकमेकांना धक्का न लावता नांदतात, कारण यजमान एखादे कुटुंब असते, धर्मशाळा असते, किंवा पैसे मोजून घेणारे हॉटेल असते. परंतु यजमान ही एक राज्यसंस्था असेल आणि त्या राज्यसंस्थेला पाहुण्याच्या साक्षीची निकड असेल, तेव्हा काय होते? सोव्हिएत रशियाला जाऊन आलेल्या मराठी लेखकांचे लेखन वाचताना या प्रश्नाला बगल देता येत नाही.

आपल्या परंपरेने यजमानाच्या कर्तव्यांचा विचार विस्ताराने केला. अतिथीला देव मानावे, त्याला विन्मुख पाठवू नये, त्याच्या आधी जेवू नये, हे सारे सांगून झाले. अतिथीने काय करावे याविषयी मात्र तुलनेने फारच थोडे सांगितले गेले आहे. हा असमतोल आजवर कोणाला जाणवला नसेल तर नवल नाही. देव मानलेल्याला कर्तव्ये कोण सांगणार?

वर्गात अण्णा भाऊ साठे यांचे ‘माझा रशियाचा प्रवास’ शिकवू लागले की हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत समोर येतो. ‘सर, त्यांना हे ठाऊक नव्हते का?’ ‘हे’ म्हणजे श्रमछावण्या, १९३७-३८चे हत्यासत्र, लेखकांची मुस्कटदाबी. विचारणारा विद्यार्थी अकोले तालुक्यातला असतो, किंवा पाथर्डीकडून आलेला, ज्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्याच्या प्रश्नात आरोप नसतो. आपला माणूस फसला की काय, अशी एक अस्वस्थता असते. या अस्वस्थतेला ‘तो काळच तसा होता’ असे उत्तर देणे सोपे आहे आणि अध्यापकाने ते देऊ नये असे मला वाटते.

अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) कम्युनिस्टांचे राज्य कधी आले नाही. तरीही त्या राज्याचा वारसा येथे वेगवेगळ्या वाटांनी येऊन पडलेला आहे. संगमनेर, अकोले, श्रीरामपूर या भागांत शेतमजुरांच्या आणि साखर कामगारांच्या संघटना लाल निशाणाखाली उभ्या राहिल्या. अण्णासाहेब शिंदे यांच्यासारखे पुढे काँग्रेसमध्ये जाऊन केंद्रात कृषिखात्याचे राज्यमंत्री झालेले नेतेही तरुणपणी याच चळवळीतून आले. एस.टी. स्थानकाजवळच्या पुस्तकप्रदर्शनांतून मॉस्कोत छापलेली गुळगुळीत कागदाची मराठी पुस्तके अगदी अल्प किमतीत घराघरांत गेली. आणि नगर शहरातील रणगाडा संग्रहालयात, जे १९९४ साली सुरू झाले, सोव्हिएत बनावटीचे रणगाडे हिरवळीवर शांत उभे आहेत. या घराण्यातील रणगाडे १९५६ मध्ये बुडापेस्टच्या आणि १९६८ मध्ये प्रागच्या रस्त्यांवर फिरले. याच घराण्यातील रणगाडे घेऊन भारतीय सैन्य १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात लढले. प्रागच्या माणसाने आणि ढाक्याच्या माणसाने एकाच यंत्राकडे पाहून सांगितलेल्या साक्षी एकमेकींशी कशा जुळणार? सहलीला आलेली शाळेची मुले मात्र त्या तोफेवर हात ठेवून छायाचित्र काढून घेतात, आणि त्यांच्या बाजूने ते योग्यच आहे.

या वारशाची गुंतागुंत १९४२-४३ या एका वर्षात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. ९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक झालेले काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवले गेले. त्यांत जवाहरलाल नेहरू होते, जे १९२७ साली क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनाला मॉस्कोचे पाहुणे म्हणून गेले होते आणि ज्यांनी १९२८ मध्ये त्या भेटीवर पुस्तक लिहिले होते. आचार्य नरेंद्र देव यांच्यासारखा मार्क्सवादाचा व्यासंगी अभ्यासकही त्याच तटबंदीत होता. सोव्हिएत प्रयोगाविषयी सद्भाव बाळगणारी ही माणसे ब्रिटिशांच्या कैदेत होती. कम्युनिस्ट पक्षावरची बंदी मात्र त्याच जुलै महिन्यात उठली होती, कारण सोव्हिएत संघ आता ब्रिटनचा मित्र होता आणि म्हणून पक्षाच्या लेखी युद्ध हे ‘लोकयुद्ध’ झाले होते. संगमनेरजवळच्या जवळे कडलगचे दत्ता देशमुख, एस. के. लिमये आणि त्यांचे सहकारी याच मुद्द्यावर पक्षापासून दूर झाले. त्यांनी नवजीवन संघटना काढली; पुढे तिच्यातूनच लाल निशाण पक्ष घडला. मॉस्कोत ठरलेली भूमिका आपल्या शिवारातल्या माणसाला ‘चले जाव’च्या विरोधात उभे करते, हे त्यांना पटले नाही. मार्क्सवाद त्यांनी सोडला नाही. त्याचा अन्वयार्थ कोणी लावायचा, याविषयीचा दुसऱ्याचा अधिकार तेवढा नाकारला. माझ्या मते मराठी भूमीवरील सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या इतिहासातला हा एक महत्त्वाचा क्षण आहे. आपण तो पक्षफुटीच्या इतिहासात टाकून दिला.

याच सुमारास अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. साहित्याच्या अभ्यासकाला या घटनेत एक विलक्षण गोष्ट दिसावी. पोवाडा ही जवळच्या पराक्रमाची रचना आहे; शाहीर गड पाहिलेला असतो, निदान गड पाहिलेल्यांच्या तोंडून ऐकलेला असतो. येथे शाहीर मुंबईतल्या झोपडीत राहतो आणि व्होल्गेच्या काठच्या, कधीही न पाहिलेल्या शहराला नायक करतो. म्हणजे तो साक्षीदार नाही आणि अजून पाहुणाही झालेला नाही. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, हा पोवाडा आज त्यांच्या प्रवासवर्णनापेक्षा अधिक टिकाऊ वाटतो. स्टालिनग्राड लढले हे सत्य कोणाच्या पाहुणचारावर अवलंबून नव्हते, आणि ते स्टालिनवरही अवलंबून नव्हते. त्या शहराचे नाव नोव्हेंबर १९६१ मध्ये व्होल्गोग्राड झाले. लढाई मात्र अजूनही जुन्याच नावाने ओळखली जाते. नावे बदलण्याचा अनुभव असलेल्या आमच्या जिल्ह्याला यात नवे काही वाटू नये.

अण्णा भाऊ रशियाला गेले तेही १९६१ सालीच. त्यांच्या आधी अनंत काणेकर गेले होते. त्यांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. या दोन पुस्तकांची तुलना उद्बोधक आहे. काणेकरांच्या शीर्षकातच एक प्रतीकव्यवस्था आहे : धुके लंडनचे, तारा मॉस्कोचा. लघुनिबंधकाराची खेळकर, शहरी, इंग्रजी वाङ्मयावर पोसलेली जाणीव एका भांडवली महानगरातून दुसऱ्या जगाकडे पाहते. तिच्यापाशी तुलनेचे माप युरोपीय आहे. अण्णा भाऊंचे माप वेगळे आहे. वाटेगावच्या मातंग वस्तीत जन्मलेला, दीड दिवसाच्या शाळेचा, गावापासून मुंबईपर्यंत पायी आलेला आणि घाटकोपरच्या चिरागनगरात राहून लिहिणारा हा लेखक मॉस्कोकडे पाहतो तेव्हा त्याची नजर रस्त्याकडे, कष्टकऱ्याच्या अंगावरच्या कपड्याकडे, त्याच्या डोक्यावरच्या छपराकडे जाते. जे घरी नाही ते तो तेथे शोधतो, आणि त्याला ते सापडते. सापडले हे खोटे नव्हे. मॉस्कोतल्या कामगाराची मुले शाळेत जात होती, हेही खोटे नव्हे.

म्हणून मला असे म्हणावेसे वाटते, की ‘माझा रशियाचा प्रवास’ ही रशियाविषयीची साक्ष म्हणून दुबळी आहे आणि मुंबईविषयीची साक्ष म्हणून बिनतोड आहे. त्यातील प्रत्येक कौतुकाच्या उद्गारामागे चिरागनगर उभे आहे. ज्याला आपल्याच देशात, आपल्याच भाषेच्या साहित्यव्यवहारात दाराबाहेर ठेवले गेले, त्याला परक्या देशात लेखक म्हणून हात पुढे करून घरात घेतले जाते, या अनुभवाचे मोल वरच्या जातीतल्या, इंग्रजी शिकलेल्या प्रवाशाच्या मापाने मोजता येणार नाही. येथे पाहुणचार हा केवळ शिष्टाचार राहत नाही. तो प्रतिष्ठेचा पहिला प्रत्यय असतो. आणि अशा पाहुणचाराचे ऋण मानणाऱ्याला भाबडा म्हणण्याचा अधिकार, ज्यांनी त्याला तो दिला नाही, त्यांना तर मुळीच नाही.

परंतु एवढ्यावर थांबलो तर विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर दिले असे होणार नाही. ठाऊक काय असू शकत होते? ख्रुश्चेव्ह यांचे स्टालिनच्या अपराधांविषयीचे भाषण फेब्रुवारी १९५६चे. त्याचा मजकूर त्याच वर्षी पाश्चात्त्य वृत्तपत्रांतून जगभर गेला. हंगेरीचा उठाव त्याच वर्षीच्या शरदात चिरडला गेला. १९५८ मध्ये पास्तरनाक यांना नोबेल पारितोषिक नाकारण्यास भाग पाडले गेले, आणि ते सर्व जगाच्या डोळ्यांदेखत. सोल्झेनित्सिन यांची छावणीतल्या एका दिवसाची कादंबरी मॉस्कोतल्याच मासिकात छापून आली ती नोव्हेंबर १९६२ मध्ये, म्हणजे अण्णा भाऊ परतल्यानंतर. तेव्हा जाणण्यासारखे पुष्कळ होते. पण ते कोणत्या भाषेत होते? इंग्रजीत. अण्णा भाऊंचे जग मराठीचे होते, आणि रशियाविषयी मराठीत काय यावे हे ठरवणारे हात दुसरे होते. मॉस्कोच्या छापखान्यातून मराठी वाचकाला गॉर्की भेटला, चेखव्ह भेटला, तोलस्तोय भेटला. छावणीत मरण पावलेला मांडेलश्टाम भेटला नाही, शालामोव्ह भेटला नाही. इकडे ज्यांना इंग्रजी येत होते त्या पक्षनेत्यांनी आणि संपादकांनी वाचले, आपापसांत वाद घातले, आणि शाहिरापर्यंत त्यातले फारसे पोचू दिले नाही. भाषांतर कशाचे करायचे नाही, या निर्णयाची नैतिक जबाबदारी भाषांतरित मजकुराच्या जबाबदारीहून कमी नसते. ‘त्यांना ठाऊक नव्हते का’ हा प्रश्न योग्य आहे. तो विचारायचा कोणाला, एवढेच आपण चुकवतो.

यातही एक बोचणारी गोष्ट उरते आणि ती लपवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ‘फकिरा’ या कादंबरीत (१९५९) अण्णा भाऊंनी हजेरीची पद्धत दाखवली आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेतले हे जग : माणसाने गाव सोडायचे तर परवानगी हवी, ठरल्या वेळी अंमलदारापुढे उभे राहायचे, जन्माने संशयित व्हायचे. ही यातना मराठीत इतक्या आतून दुसऱ्या कोणी क्वचितच लिहिली असेल. आता सोव्हिएत सामुदायिक शेतावरच्या शेतकऱ्याकडे पाहा. १९३२ साली तेथे अंतर्गत पासपोर्टाची पद्धत आली आणि खेड्यातल्या शेतकऱ्याला सामान्यतः तो पासपोर्ट दिला गेला नाही. पासपोर्ट नाही म्हणजे शहरात राहता येत नाही. गाव सोडायचे तर वरिष्ठांचा कागद हवा. ही स्थिती १९७४च्या निर्णयानंतर हळूहळू बदलली. म्हणजे अण्णा भाऊ गेले तेव्हा त्या देशातले कोट्यवधी शेतकरी एका प्रकारच्या हजेरीतच जगत होते. मराठीत ज्या एका लेखकाने ते पाहताक्षणी ओळखले असते, तोच तेथे होता. आणि त्याला शासनाचा पाहुणा म्हणून नेले गेल्यामुळे ते दिसले नाही. पाहुणचार पाहुण्याला खोटे बोलायला लावतो असे नव्हे; तो पाहुण्याच्या अंगी असलेली सर्वांत तीक्ष्ण नजर निकामी करतो. ही हानी रशियन शेतकऱ्याची आणि मराठी वाङ्मयाचीही आहे.

पाहुणा असूनही साक्ष देणाऱ्याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. रवीन्द्रनाथ ठाकूर १९३० मध्ये मॉस्कोला गेले. तेथील शिक्षणप्रसार पाहून ते भारावले आणि तसे त्यांनी पत्रांतून लिहिले. परंतु निघताना ‘इझ्वेस्तिया’ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी द्वेषाच्या शिकवणीविषयी आणि मतस्वातंत्र्याच्या दडपणुकीविषयी आपली नापसंती स्पष्ट बोलून दाखवली. ती मुलाखत त्या पत्राने तेव्हा छापली नाही. ती तेथे प्रसिद्ध व्हायला १९८८ साल उजाडावे लागले. इकडे त्याच पत्रांपैकी एकाचे इंग्रजी भाषांतर १९३४ मध्ये ‘मॉडर्न रिव्ह्यू’त आले तेव्हा ब्रिटिश सरकारने त्यावर आक्षेप घेतला. एकाच प्रवाशाची स्तुती एका राज्याला सोसवली नाही आणि टीका दुसऱ्याला. हे उदाहरण देऊन अण्णा भाऊंना उणे ठरवण्याचा मोह होतो. तो आवरावा. रवीन्द्रनाथ जगन्मान्य कवी होते, नोबेलविजेते होते. त्यांच्या परखडपणाची किंमत त्यांना स्वतःला मोजावी लागणार नव्हती. सत्य सांगण्याची सोय ही सुद्धा एक मालमत्ता आहे आणि तिचे वाटप समान झालेले नाही.

याउलट एक प्रवासी आठवतो, ज्याचा यजमान कोणीच नव्हता. त्वेर नगरचा व्यापारी अफानासी निकीतिन १४६९च्या सुमारास चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. तेथे सुभेदाराने त्याचा घोडा हिसकावला आणि धर्म बदल तरच परत देतो असे सांगितले. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो सुटला. त्याच्या टिपणांत दख्खनचे वैभव आहे आणि सामान्य रयतेचे दारिद्र्यही आहे, कारण त्याला कोणाचे मीठ जागायचे नव्हते. पुढे १९५७ साली ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत सहनिर्मितीचा चित्रपट याच निकीतिनवर निघाला आणि घोडा गमावलेला हा बिचारा व्यापारी दोन सरकारांच्या मैत्रीचा दूत झाला. मेलेल्या प्रवाशालाही पाहुणा करून घेता येते.

पुस्तकांच्या ऋणाचे काय? १९७२च्या दुष्काळात किंवा त्यानंतरच्या वर्षांत नगर जिल्ह्यात वाढलेल्या माझ्या पिढीतील काही मुलांनी अर्कादी गायदारची ‘चुक आणि गेक’ ही गोष्ट मराठीत वाचली. दोन भाऊ आईबरोबर आगगाडीने आणि घसरगाडीने सैबेरियाच्या जंगलात वडिलांना भेटायला जातात. खडी फोडण्याच्या कामावरून संध्याकाळी परतणाऱ्या आईची वाट पाहत बर्फाची गोष्ट वाचणे, हा अनुभव आजही कोणी फुकाचा ठरवू शकणार नाही. ही कथा १९३९ सालची आहे. त्या वर्षी सैबेरियाकडे जाणाऱ्या सगळ्याच गाड्या वडिलांच्या भेटीला जात नव्हत्या. हे कळल्यावर ती कथा खोटी होते का? मला तसे वाटत नाही. पण ती पूर्वीसारखी वाचताही येत नाही. तिच्यातल्या बर्फावर एक सावली पडते आणि ती सावली पुसण्याचा खटाटोप वाचकाने करू नये. कृतज्ञता कोणाविषयी, हेही नीट वेगळे करावे लागेल. मॉस्कोत राहून मराठीत भाषांतरे करणारे अनिल हवालदार, चित्रे काढणारे चित्रकार, देवनागरीचे खिळे जुळवणारे रशियन कामगार, लेनिनग्राडच्या विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या आणि १९६३ मध्ये रशियन भाषेत मराठीचे व्याकरण लिहिणाऱ्या तात्याना कातेनिना, या सर्वांचे ऋण आहे. त्यांचा पगार देणाऱ्या राज्याचे ते आपोआप होत नाही. कामगाराच्या श्रमाचे श्रेय मालकाच्या नावे लिहू नये, हे तर त्याच पुस्तकांनी आपल्याला शिकवले.

हे दोन्ही हिशेब एकाच आयुष्यात मांडणारा माणूस मराठीला लाभला होता. प्रभाकर ऊर्ध्वरेषे यांनी गॉर्कीची ‘आई’ मराठीत आणली, आणि त्यांनीच ‘हरवलेले दिवस’ लिहून पक्षातल्या आपल्या दिवसांची कठोर झडती घेतली. साहित्य अकादमीचा १९८९चा मराठी पुरस्कार त्या आत्मकथनाला मिळाला. बर्लिनची भिंत त्याच वर्षीची. ऊर्ध्वरेष्यांनी ‘आई’ परत घेतली नाही. या न परत घेण्यात जे विवेकभान आहे, त्याची मीमांसा आमच्या समीक्षेने अजून केलेली नाही. १९९१ नंतर आम्हांपैकी अनेकांना एकदम सगळेच दिसू लागले. ज्यांनी पूर्वी ‘माझा रशियाचा प्रवास’ची उलटतपासणी केली नव्हती, कारण तसे करणे क्रांतीशी द्रोह वाटे, त्यांनी आता त्याला न तपासताच निकालात काढले. दोन्ही वेळा साक्ष नोंदवली गेली. प्रश्न विचारले गेले नाहीत.

दरम्यान ज्या उणिवेने अण्णा भाऊंची नजर घडवली ती उणीव काही सोव्हिएत संघाबरोबर विसर्जित झाली नाही. दत्ता देशमुख यांनी दांडेकर आणि देऊस्कर यांच्यासह १९७९च्या समितीत आठमाही पाण्याची शिफारस केली, ती थोडक्यात पाणी कोणाच्या उसाला आणि कोणाच्या ज्वारीला, या प्रश्नाविषयी होती. तो वाद आजही मिटलेला नाही. एप्रिल २०२३ मध्ये किसान सभेचा मोर्चा वनजमीन आणि दूधदराचे प्रश्न घेऊन अकोल्याहून लोणीच्या दिशेने चालत निघाला. त्या झेंड्यांवरचा विळाहातोडा कोणत्या देशातून आला हे विचारणारा इतिहासाचा अभ्यासक असेल. चालणाऱ्यांच्या लेखी तो झेंडा त्यांच्या खेड्यातला होता.

आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात अण्णा भाऊंचा अर्धपुतळा बसवला गेला. महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री समारंभाला उपस्थित होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत रशियन सैन्य युक्रेनमध्ये शिरले होते. अण्णा भाऊ पुन्हा एकदा शासनाचे पाहुणे झाले, यावेळी दोन शासनांचे, आणि दोहोंपैकी एकाचाही विळाहातोड्याशी संबंध उरलेला नव्हता. पुतळ्याला काही दिसत नाही, त्यामुळे त्याच्या साक्षीचा प्रश्न उद्भवत नाही. पुस्तकाचा उद्भवतो. ‘माझा रशियाचा प्रवास’ची सटीप, संशोधित आवृत्ती कोणा विद्यापीठाने काढावी, असे मी येथे सुचवू इच्छितो. अण्णा भाऊंचा शब्द न बदलता, त्यांनी पाहिले त्याच्या शेजारी त्या वर्षी तेथे काय होते ते टिपांत द्यावे, आणि चिरागनगरात त्या वर्षी काय होते तेही द्यावे. टिपांचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे सोपवावे, शक्यतो ज्यांनी तो प्रश्न वर्गात विचारला त्यांच्याकडे. त्यांना ‘फकिरा’तील हजेरीचा संदर्भ द्यावा लागेल, आणि १९७४च्या पासपोर्टाचाही.